अभिजात विलक्षण भयकथा आणि वेबकॉमिक : न दाखविण्याच्या कलेचा वारसा

बीजसंज्ञा : विलक्षण भयकथा, चित्रकथा, वेबकॉमिक, व्यंजना, लव्हक्राफ्ट, एमिली कॅरोल.

१. प्रस्तावना

भयकथा ही साहित्यातील अत्यंत लोकप्रिय, परंतु समीक्षेने दीर्घकाळ उपेक्षिलेली शाखा आहे. चित्रकथेची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही. या दोन उपेक्षित प्रकारांचा संगम एकविसाव्या शतकात आंतरजालावर घडून आला आणि त्यातून भयप्रधान वेबकॉमिक हा नवा प्रकार आकारास आला. वेबकॉमिक म्हणजे छापील पुस्तकासाठी नव्हे, तर संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचण्यासाठी निर्माण केलेली चित्रकथा होय. या नव्या प्रकारातील अनेक कलावंत एका जुन्या झऱ्याकडे पुनःपुन्हा वळताना दिसतात. साधारणतः १८९० ते १९४० या अर्धशतकात इंग्लंड आणि अमेरिका येथे लिहिली गेलेली आणि इंग्रजीत ‘वीअर्ड फिक्शन’ या नावाने ओळखली जाणारी कथा हा तो झरा आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘विलक्षण भयकथा’ ही संज्ञा योजिली आहे.

हे आकर्षण वरकरणी विसंगत वाटते. विलक्षण भयकथेचे सारे सामर्थ्य न दाखविण्यात आहे. चित्रकथेचा तर प्राणच दाखविण्यात आहे. ज्या कथेतील भयाचे रूप वर्णन करण्यास शब्दही अपुरे पडतात, ती कथा चित्रकाराने कशी रेखाटावी, हा प्रश्न स्वाभाविकच उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. कोणताही वाङ्मयीन वारसा दोन प्रकारे स्वीकारता येतो. एक, त्यातील सामग्री उचलावी. दोन, त्याची रीत आत्मसात करावी. विलक्षण भयकथेच्या बाबतीत सामग्रीचा वारसा सुलभ असला तरी अल्पजीवी ठरतो. रीतीचा वारसा मात्र नवी निर्मिती घडवितो, आणि वेबकॉमिकचे माध्यम या रीतीला छापील पानापेक्षा अधिक अनुकूल आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. विलक्षण भयकथा : स्वरूप आणि परंपरा

भुताची कथा आणि विलक्षण भयकथा यांतील भेद प्रथम लक्षात घेतला पाहिजे. पारंपरिक भूतकथेत मृत व्यक्ती परत येते. तिच्या येण्याला काही कारण असते. अन्याय, अपुरी इच्छा किंवा सूड यांपैकी एखादा धागा सापडला की कथेचा उलगडा होतो आणि जगाची घडी पुन्हा बसते. विलक्षण भयकथेत ही घडी बसत नाही. मनुष्य ज्या नियमांवर विसंबून जगतो ते नियमच अपुरे आहेत, अशी शंका ती वाचकाच्या मनात सोडून जाते.

या परंपरेचा एक पाया एडगर ॲलन पो (१८०९–१८४९) यांनी घातला. पुढे आर्थर मॅकेन यांची ‘द ग्रेट गॉड पॅन’ (१८९४), रॉबर्ट चेंबर्स यांचा ‘द किंग इन यलो’ (१८९५) हा कथासंग्रह, एम. आर. जेम्स यांच्या पुराणवस्तुसंशोधकांच्या भूतकथा (१९०४), ॲल्जर्नन ब्लॅकवुड यांची ‘द विलोज’ (१९०७) आणि विल्यम होप हॉजसन यांची ‘द हाउस ऑन द बॉर्डरलँड’ (१९०८) या कृतींनी तिला आकार दिला. मार्च १९२३ मध्ये शिकागो येथून ‘वीअर्ड टेल्स’ हे मासिक निघू लागले आणि या कथेला हक्काचे व्यासपीठ मिळाले. याच मासिकातून अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांच्या अनेक कथा प्रसिद्ध झाल्या. १९२७ मध्ये त्यांनी या कथाप्रकाराचा इतिहास व मीमांसा सांगणारा दीर्घ निबंधही प्रसिद्ध केला. भयाचे मूळ अज्ञातात आहे, हे त्या निबंधाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे भयानक आणि अद्भुत या दोन रसांचा संयोग घडतो. भरतमुनींनी भयानकाचा स्थायी भाव भय आणि अद्भुताचा स्थायी भाव विस्मय असे मानले. केवळ भय असेल तर वाचक पळू पाहतो. केवळ विस्मय असेल तर तो रमून जातो. विलक्षण भयकथेत दोन्ही एकाच वेळी जागृत होतात. वाचकाला पाहवत नाही आणि नजरही काढवत नाही. ही अवस्था वाच्यार्थाने निर्माण होत नाही. आनंदवर्धनांनी नवव्या शतकात ज्या व्यंजनाव्यापाराला काव्याचा आत्मा मानले, तोच येथे भयाचाही आत्मा ठरतो.

३. न दाखविण्याची रीत

ही व्यंजना कशी साधली जाते, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

ब्लॅकवुड यांच्या ‘द विलोज’मध्ये दोन प्रवासी पूर आलेल्या डॅन्यूब नदीतून लहान होडीने जात असतात. व्हिएन्ना मागे टाकल्यावर एका वाळूच्या बेटावर ते मुक्काम करतात. बेटावर विलो वृक्षांच्या झुडपांखेरीज काही नाही. रात्री झुडपे जवळ सरकल्यासारखी वाटतात. सकाळी वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे खळगे दिसतात. खळगे कोणी पाडले, हे कथेत सांगितलेले नाही. कारणाचा उच्चार न करता केवळ परिणाम दाखविणे, ही या रीतीची पहिली खूण होय.

चेंबर्स यांच्या संग्रहातील काही कथांत एका नाटकाचा उल्लेख येतो. ते नाटक जो वाचतो त्याचे मन ढळते. नाटकाचे काही त्रोटक तुकडे वगळता ते वाचकाच्या हाती कधीच लागत नाही. भयाचा स्रोत कथेच्या केंद्रस्थानी असूनही तेथे पोकळी ठेवणे, ही दुसरी खूण होय.

लव्हक्राफ्ट यांची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) ही कथा याहून पुढे जाते. एका शेतावर उल्का पडते आणि तिच्यातून एक रंग पसरू लागतो. पिके विचित्र वाढतात, जनावरे आणि माणसे झिजत जातात. हा रंग मानवाला ज्ञात असलेल्या वर्णपटात बसत नाही. केवळ साम्यामुळे त्याला ‘रंग’ म्हणावयाचे. ज्याचे वर्णन करणे अशक्य आहे असे सांगणे हेच येथे वर्णन ठरते. ही तिसरी खूण होय.

जेम्स यांनी संयमावर विशेष भर दिला. केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजचे आणि पुढे ईटनचे प्रमुखपद भूषविलेले हे विद्वान नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना आपल्या कथा वाचून दाखवीत. त्यांच्या एका प्रसिद्ध कथेतील प्राध्यापक पार्किन्स यांचा अलौकिकावर मुळीच विश्वास नसतो. समुद्रकाठच्या जुन्या अवशेषांत त्यांना एक शिटी सापडते, ती ते वाजवून पाहतात, आणि अखेर खोलीतील रिकाम्या पलंगावरील चादरच उठून उभी राहते. भय येथे परक्या वस्तूतून नव्हे, तर रोजच्या अंथरुणातून येते. परिचिताचे अपरिचित होणे ही चौथी खूण म्हणावी लागेल.

४. चित्राची अडचण आणि छापील पानावरील प्रयत्न

शब्द जे झाकून ठेवू शकतो ते चित्राला झाकणे कठीण असते. ‘तेथे काहीतरी होते’ असे वाक्य लिहिता येते; ‘काहीतरी’चे चित्र काढता येत नाही. रेषा उमटताच त्या ‘काहीतरी’ला आकार, उंची आणि अवयव प्राप्त होतात, आणि ज्याला आकार आहे त्याची सवय होते. लव्हक्राफ्ट यांचा ‘क्थुलू’ हा याचा ठळक पुरावा आहे. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या कथेत मानवी बुद्धीला न पेलणारे असे त्याचे अस्तित्व होते. आज त्याच्या शुंडांचे चित्र खेळणी, चहाचे पेले आणि विनोदी व्यंगचित्रे यांवर सर्रास आढळते. सामग्रीचा वारसा कोठे घेऊन जातो, हे यावरून दिसून येते.

तथापि काही चित्रकारांनी या अडचणीवर उपाय शोधले. जेम्स यांच्या १९०४ च्या संग्रहासाठी त्यांचे मित्र जेम्स मॅकब्राइड चित्रे काढीत होते. चार चित्रे पूर्ण झाल्यावर त्यांचे अकाली निधन झाले. उरलेली चित्रे दुसऱ्या कोणाकडून करवून घेण्यास जेम्स तयार झाले नाहीत. पुस्तक त्या चार चित्रांसह निघाले. त्यांपैकी एकात पार्किन्स यांच्या खोलीतील ती उठलेली चादर दाखविली आहे. चित्रात भूत नाही. कापड आहे आणि घाबरलेला मनुष्य आहे. चित्रकाराने परिचित वस्तूच रेखाटली आणि तिच्या चुण्यांत जे दडले आहे ते वाचकावर सोपविले.

१९७० च्या दशकात अर्जेंटिनाचे चित्रकथाकार आल्बेर्तो ब्रेचिया (१९१९–१९९३) यांनी लव्हक्राफ्ट यांच्या कथांची चित्ररूपे सिद्ध केली. त्यांनी चिकटचित्रे, शाईचे डाग, खरवडलेले पृष्ठभाग अशा अनेक साधनांचा वापर करून प्राण्यांची रूपे मुद्दाम अनिश्चित ठेवली. चित्र पाहणाऱ्याला डागातून काहीतरी डोकावत असल्याचा भास होतो, परंतु बोट ठेवून ‘हा डोळा, हे तोंड’ असे सांगता येत नाही. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही रंगाची कथाही त्यांनी काळ्या-पांढऱ्यातच चितारली. रंग न वापरणे हेच त्या अज्ञात रंगाचे सर्वांत प्रामाणिक चित्रण होते. याउलट २०१९ साली याच कथेवर निघालेल्या चित्रपटाला तो रंग पडद्यावर दाखविणे भाग पडले. तेथे किरमिजी-गुलाबी छटा निवडण्यात आली. ही छटा इंद्रधनुष्यात नसते हे खरे. परंतु प्रेक्षकाच्या नित्य परिचयाची असतेच.

जपानी चित्रकथाकार जुंजी इतो यांनी पानाच्या रचनेचाच उपयोग केला. लव्हक्राफ्ट यांचा आपल्यावरील प्रभाव त्यांनी मान्य केला आहे. १९९८–९९ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘उझुमाकी’ या त्यांच्या कृतीत एका गावाला सर्पिलाकृतीचा शाप जडतो. शत्रू कोणी प्राणी नाही, तर एक आकृती आहे. भयंकर दृश्य नेमके पान उलटल्यावर समोर यावे, अशी योजना इतो करतात. मात्र छापील पुस्तकाची एक मर्यादा राहतेच. उघडलेल्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पाने एकाच वेळी नजरेत येतात. डावे पान वाचीत असतानाच उजव्या पानावरील काळी चौकट डोळ्याच्या कोपऱ्यात शिरते. शिवाय शेवट किती दूर आहे, हे उरलेल्या पानांची जाडी सांगत असते.

५. वेबकॉमिक : माध्यमाचे स्वरूप

अमेरिकन चित्रकथाकार व अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या ग्रंथात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत जे घडते ते वाचक स्वतःच्या कल्पनेने पूर्ण करतो आणि चित्रकथेचा अर्थ तेथेच निर्माण होतो. हा विचार भयकथेला लावला असता असे दिसते की, चित्रकथा वाटते तितकी ‘दाखविणारी’ कला नाहीच. तिच्या प्रत्येक दोन चित्रांमध्ये एक न दाखविलेले चित्र असते. भय त्या फटीत वस्ती करू शकते.

२००० साली मॅक्लाउड यांनी ‘अनंत चित्रफलका’ची कल्पना पुढे आणली. पडद्याला कागदाप्रमाणे ठरावीक लांबी-रुंदी नाही. चित्रकथा खाली, बाजूला, कितीही पसरू शकते, असा तिचा आशय होता. दक्षिण कोरियात याच दशकात उभ्या, खाली सरकत जाणाऱ्या चित्रकथांचा मोठा वाचकवर्ग निर्माण झाला. अशा मांडणीमुळे तीन गोष्टी साध्य होतात. पहिली, पुढील दृश्य पडद्याच्या कडेखाली संपूर्णपणे दडलेले राहते. दुसरी, दोन चौकटींमधील फट हवी तेवढी लांबविता येते. म्हणजे शांततेची लांबी कलावंताच्या हाती येते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पुढे जाण्याची कृती वाचकालाच करावी लागते. चित्रपटगृहात दृश्य आपोआप पुढे सरकते आणि प्रेक्षक डोळे मिटून घेऊ शकतो. येथे वाचकाचे बोट थांबले तर कथाही थांबते. जे पाहण्याची भीती वाटते त्याच्याकडे वाचक स्वतःहून जातो आणि अशा रीतीने कथेतील जिज्ञासू, अविचारी नायकाचा सहभागी बनतो.

या माध्यमाच्या शक्यता दोन भिन्न दिशांनी वापरल्या गेल्या. २०११ साली कोरियन कलावंत होरांग यांच्या ‘बोंगचॉन-डोंगचे भूत’ या चित्रकथेने जगभर खळबळ उडविली. स्थिर चित्रे पाहत वाचक खाली सरकत असता अचानक चित्र आपोआप हालचाल करू लागते आणि भूत अंगावर येते. हा धक्का पहिल्या वाचनात जबरदस्त असतो. परंतु तो एकदाच बसतो. दुसऱ्या वाचनाच्या वेळी वाचक सावध झालेला असतो. धक्का आणि भय यांतील अंतर येथे स्पष्ट होते. विलक्षण भयकथेचा वारसा धक्क्याचा नाही, तर रेंगाळणाऱ्या अस्वस्थतेचा आहे.

सामग्रीच्या वारशाचेही एक प्रामाणिक उदाहरण या संदर्भात नोंदविले पाहिजे. सचेतपटांचे दिग्दर्शक लॅरी लेथम यांनी २००८ मध्ये ‘लव्हक्राफ्ट इज मिसिंग’ हे वेबकॉमिक सुरू केले. त्यात स्वतः लव्हक्राफ्टच बेपत्ता होतात आणि त्यांच्या कथांतील सृष्टी खरी असल्याचे उघड होऊ लागते. अशा निर्मितीला या परंपरेची जणू अनुमतीच होती. लव्हक्राफ्ट यांनी आपले काल्पनिक ग्रंथ, देवता आणि गावे रॉबर्ट ब्लॉक, क्लार्क ॲश्टन स्मिथ आदी लेखकमित्रांना मुक्तपणे वापरू दिली होती. आज भारतासह अनेक देशांत त्यांच्या लेखनाच्या स्वामित्वहक्काची मुदत उलटून गेली आहे. प्रकाशकाचे पाठबळ नसलेल्या तरुण चित्रकाराला त्यामुळे एक तयार विश्व विनामूल्य मिळते. सामग्रीची ही सुलभता नाकारण्याचे कारण नाही. ती पुरेशी नाही, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

६. ‘हिज फेस ऑल रेड’ : रीतीच्या वारशाचे उदाहरण

कॅनडातील चित्रकथाकार एमिली कॅरोल यांनी ‘हिज फेस ऑल रेड’ हे लघु वेबकॉमिक ३१ ऑक्टोबर २०१० रोजी, म्हणजे हॅलोवीनच्या दिवशी प्रसिद्ध केले. त्यात लव्हक्राफ्ट यांचा एकही प्राणी नाही, एकही प्राचीन ग्रंथ नाही. कथानक लोककथेसारखे साधे आहे. गावातील मेंढरे कोणते तरी श्वापद मारीत असते. दोन भाऊ त्याच्या शोधात रानात शिरतात. थोरला भाऊ सर्वांचा लाडका, धाडसी आणि सुखवस्तू, धाकटा दुर्लक्षित. थोरला श्वापदाला ठार करतो आणि धाकटा थोरल्याला. प्रेत एका खोल खड्ड्यात टाकून धाकटा गावात परततो. काही दिवसांनी थोरला भाऊ रानातून चालत घरी येतो. तो हसतमुख आहे, कोणावर आरोप करीत नाही. गाव आनंदित होते. हा आपला भाऊ नव्हे, हे केवळ खुन्यालाच ठाऊक आहे. आणि ते सांगण्याची सोय केवळ खुन्यालाच नाही.

विलक्षण भयकथेच्या वर नोंदविलेल्या चारही खुणा येथे आढळतात. परत आलेला कोण आहे, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही. कथेच्या केंद्रस्थानी अक्षरशः एक पोकळी, म्हणजे तो खड्डा आहे. वर्णनाच्या जागी मौन आहे. आणि परिचित असा सख्खा भाऊच अपरिचित झाला आहे. धाकट्याच्या मनात शंका असह्य होते आणि प्रेत अजून तेथेच आहे की नाही हे पाहण्यासाठी तो खड्ड्यात उतरतो. या ठिकाणी माध्यम आणि आशय एकरूप होतात. उतरण्याचे चित्र उंच आणि अरुंद आहे. ते पाहण्यासाठी वाचकाला पडदा खाली, आणखी खाली सरकवावा लागतो. नायक जेवढा उतरतो तेवढाच वाचकही उतरतो. तळाशी प्रेत आहे. ते हलू लागते आणि कथा तेथेच थांबते. चेहरा कसा असेल, हे प्रत्येक वाचकाला स्वतःच्या मनात पाहावे लागते.

हीच कथा २०१४ साली कॅरोल यांच्या ‘थ्रू द वूड्स’ या छापील संग्रहात समाविष्ट झाली. या संग्रहाला २०१५ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचे आयस्नर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या ‘व्हेन द डार्कनेस प्रेसेस’ या वेबकॉमिकलाही सर्वोत्कृष्ट लघुकथेचे आयस्नर पारितोषिक लाभले. छापील रूपात चित्रांचे सौंदर्य कायम राहते, पण उतरण्याची क्रिया पान उलटण्यात विभागली जाते. त्यांच्या ‘मार्गोज रूम’ (२०११) या दुसऱ्या वेबकॉमिकमध्ये एका खोलीचे चित्र दिसते आणि खोलीतील वस्तूंवर कळ दाबल्यावर कथेचे एकेक प्रकरण उघडते. घडून गेलेल्या अनर्थाच्या जागी वाचक स्वतः वस्तू चाचपडत फिरतो. रीतीचा वारसा माध्यमागणिक नवे रूप कसे धारण करतो, याचे हे उत्तम निदर्शक आहे.

७. वारशाची दुसरी बाजू

या वारशाचा विचार करताना एका अप्रिय वास्तवाकडे डोळेझाक करता येणार नाही. लव्हक्राफ्ट यांच्या पत्रांतून आणि ‘द हॉरर ॲट रेड हुक’ (१९२७) सारख्या कथांतून तीव्र वर्णद्वेष व्यक्त होतो. न्यूयॉर्कमधील परदेशी स्थलांतरितांची वस्ती त्यांनी जणू विकृतीचे आगर म्हणून रंगविली. अज्ञाताचे भय हे ज्यांचे सूत्र, त्यांच्या लेखनात ‘अज्ञात’ या शब्दाचा अर्थ अनेकदा ‘आपल्याहून निराळा मनुष्य’ असा झाला. हा दोष केवळ चरित्रातला नसून कथांच्या विणीत मिसळलेला आहे.

या प्रश्नाची जाहीर चर्चा झाली. जागतिक अद्भुतकथा पुरस्काराचे, म्हणजे ‘वर्ल्ड फँटसी अवॉर्ड’चे, सन्मानचिन्ह १९७५ पासून लव्हक्राफ्ट यांचा अर्धपुतळा हेच होते. २०११ साली हा पुरस्कार मिळविणाऱ्या नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांनी त्याबाबतची आपली अस्वस्थता जाहीरपणे मांडली. २०१५ मध्ये अर्धपुतळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०१६ साली कृष्णवर्णीय लेखक व्हिक्टर लाव्हाल यांनी ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ या लघुकादंबरीत ‘रेड हुक’चीच कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या दृष्टीने पुन्हा सांगितली. तेथे खरे भय कोणत्या देवतेचे नसून निरपराध माणसावर सहज गोळी झाडणाऱ्या व्यवस्थेचे आहे.

म्हणून सामग्री आणि रीत यांतील विवेक हा केवळ सौंदर्यशास्त्रीय प्रश्न राहत नाही; तो नैतिकही ठरतो. जो केवळ प्राणी उचलतो तो त्यांच्या पाठीवरील द्वेषही नकळत उचलून आणतो. जो रीत घेतो त्याला ‘अज्ञात’ कोठे ठेवावयाचे, याची निवड नव्याने करावी लागते. कॅरोल यांनी ते परक्यात न ठेवता घरात, सख्ख्या नात्यात आणि मत्सरात ठेवले. खड्ड्यात उतरणारा नायक परक्याला नव्हे, स्वतःच्या कृत्याला भेटावयास जात असतो.

८. मराठी संदर्भ

मराठी वाचकाला ही परंपरा सर्वस्वी अनोळखी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठीत भयकथा व गूढकथा यांचा मोठा वाचकवर्ग घडविला. एका नावाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. अँब्रोज बिअर्स यांच्या कथेत मेंढपाळांचा देव म्हणून आलेले ‘हॅस्टर’ हे नाव चेंबर्स यांनी १८९५ मध्ये वापरले. लव्हक्राफ्ट यांनी ते आपल्या सृष्टीत घेतले. स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेतही ते आले. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि त्यातील विस्मृत देवतापुत्राचे नाव ‘हस्तर’ असे आहे.

परंतु चित्रपटाचे यश नावात नाही. कोकणातील पाऊस, पडका वाडा, सावकारी, पिढीजात लोभ आणि बापाकडून मुलाकडे जाणारी हाव यांत त्याचे भय रुजले आहे. नाव बाहेरून आले असेल. भय मात्र येथल्या मातीतले आहे. मराठीत उद्या एखाद्या तरुण चित्रकाराने भयप्रधान वेबकॉमिक निर्माण करावयाचे ठरविले, तर त्याच्यासमोर हाच आदर्श असावा. प्रॉव्हिडन्सचे धुके उसने आणण्याची त्याला आवश्यकता नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) विलक्षण भयकथेचे सामर्थ्य तिच्या प्राण्यांत नसून व्यंजनेत आहे. कारणाविना परिणाम, केंद्रातील पोकळी, वर्णनाची अशक्यता आणि परिचिताचे अपरिचित होणे, या तिच्या चार प्रमुख खुणा होत.

(२) चित्रकथा ही केवळ दाखविणारी कला आहे हा समज अपुरा आहे. दोन चौकटींमधील रिकामी जागा ही न दाखविण्याचीच जागा आहे.

(३) वेबकॉमिकमध्ये ही जागा इच्छेनुसार लांबविता येते, पुढील दृश्य पूर्णतः झाकता येते आणि वाचकाला कृतीत सहभागी करून घेता येते. यामुळे ते या परंपरेचे स्वाभाविक वारस ठरते.

(४) सामग्रीऐवजी रीत स्वीकारल्याने परंपरेतील वर्णद्वेषासारखे दोष मागे ठेवून तिचे सत्त्व पुढे नेता येते.

एक व्यावहारिक बाबही अध्यापकांनी ध्यानी घेतली पाहिजे. छापील पुस्तक ग्रंथालयात शंभर वर्षे टिकते. जेम्स यांचा १९०४ चा संग्रह, मॅकब्राइड यांच्या चार चित्रांसह, आजही वाचता येतो. वेबकॉमिक मात्र संकेतस्थळ बंद होताच नाहीसे होऊ शकते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश’ या प्रणालीचा आधार काढून घेतला गेला, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या अनेक चलत्-चित्रकृती सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर गेल्या. ज्या कृतींची नोंद, चर्चा आणि अध्यापन होते त्यांच्या जतनाची निकड समाजाला जाणवते. इतर कृती मूकपणे लोप पावतात. साहित्य, चित्रकला आणि माध्यमविद्या या तिन्ही विभागांनी एकत्र येऊन या प्रकाराकडे अभ्यासविषय म्हणून पाहिल्यास विद्यार्थ्यांना व्यंजनेसारखी जुनी संकल्पना त्यांच्या हातातील पडद्यावर प्रत्यक्ष अनुभवता येईल. जे दाखविलेले नाही ते वाचावयास शिकविणे हे साहित्याच्या अध्यापनाचे मूळ कार्य आहे, आणि त्या कार्याला हे नवे साधन उपयुक्त ठरणारे आहे.